आधी कागद वाचा, मग प्रशिक्षण ठरवा

कर्मचाऱ्यांना नीट लिहिता येत नाही, ही तक्रार हिंजवडीच्या आयटी कंपन्यांपासून चाकणच्या कारखान्यांपर्यंत आणि बँकांच्या विभागीय कार्यालयांपासून मंत्रालयापर्यंत ऐकू येते. त्यावरचा उपायही सगळीकडे साधारण एकच असतो. एचआर विभाग ऑनलाइन चाचणी घेतो. रिकाम्या जागा भरा, चुकीचे वाक्य ओळखा, योग्य पर्याय निवडा. गुण येतात, यादी लागते, तळाच्या लोकांना दोन दिवसांच्या कार्यशाळेला बसवले जाते, अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले जातात आणि प्रमाणपत्रे वाटली जातात. पुढच्या वर्षी तक्रार तीच, चाचणी तीच आणि यादीतली बरीचशी नावेही तीच.

ही पद्धत नीट राबवली जात नाही, एवढाच तिचा दोष असता तर तो सुधारता आला असता. तिचा पायाच चुकला आहे. कार्यालयातले लेखन हे काम आहे. तो कागद वाचून कोणाला तरी काही ठरवायचे असते, करायचे असते किंवा थांबवायचे असते. म्हणून लेखनकौशल्याची तपासणी प्रत्यक्ष कामातल्या कागदांवर आणि ते कागद ज्यांना वापरावे लागतात त्या वाचकांना विचारून व्हायला हवी. त्या तपासणीतून गुण निघण्यापेक्षा कारण निघणे महत्त्वाचे आहे. कागद कुठे फसला आणि का फसला, हे कळल्याशिवाय दिलेले प्रशिक्षण बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला चुकीची गोष्ट शिकवते. हा माझा मुद्दा मी टप्प्याटप्प्याने मांडतो.

प्रचलित चाचणीची तीन गृहीतके

कोणी उघड म्हणत नसले, तरी बहुपर्यायी चाचणीमागे तीन समजुती उभ्या असतात. पहिली, भाषा शुद्ध असली की लेखन चांगले. दुसरी, लेखन हे एकसंध कौशल्य आहे आणि ते एका आकड्यात सांगता येते. तिसरी, कागद वाईट असेल तर दोष लिहिणाऱ्याचा. तिन्ही समजुती वरवर पटण्यासारख्या आहेत आणि तिन्ही तपासल्यावर टिकत नाहीत.

पहिले गृहीतक: शुद्ध म्हणजे चांगले

वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीकडून सदोष माल गेला की ग्राहक कंपनी ‘एट-डी’ अहवाल मागते. आठ टप्प्यांच्या या अहवालात दोषाचे वर्णन, तात्पुरती उपाययोजना, मूळ कारण, कायमचा उपाय आणि दोष पुन्हा होऊ नये म्हणून केलेली व्यवस्था लिहायची असते. यातले कितीतरी अहवाल एकाच साच्याचे असतात. मूळ कारण: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय: ऑपरेटरला समज देण्यात आली. यात व्याकरणाची एकही चूक नाही आणि तरीही अहवाल निकामी आहे. चुकीचा भाग मुळात बसूच कसा शकला? फिक्श्चरने तो का अडवला नाही? अंतिम तपासणीतून तो कसा सुटला? वाचणाऱ्याला हवी असलेली उत्तरे कागदात नाहीत. हा अहवाल लिहिणारा व्याकरणाच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवू शकतो, आणि त्या चाचणीच्या आधारे त्याला प्रशिक्षणातून वगळलेही जाऊ शकते.

याहून कितीतरी गंभीर उदाहरण अमेरिकेच्या अणुउद्योगात नोंदलेले आहे. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच अडकली आणि कर्मचाऱ्यांनी अणुभट्टीला आपत्कालीन पाणी पुरवणारी यंत्रणा वेळेआधीच बंद केली. त्या वेळी मोठा अनर्थ टळला. अणुभट्टी बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीतल्या अभियंत्यांना धोका लक्षात आला होता. जोसेफ केली यांनी नोव्हेंबर १९७७ मध्ये आणि बर्ट डन यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये कंपनीअंतर्गत टिपणे पाठवली. आपल्या भट्ट्या चालवणाऱ्या केंद्रांना नव्या सूचना द्यायला हव्यात, असा त्यांचा आशय होता. केलींच्या टिपणाचा शेवट मात्र सहकाऱ्यांचे विचार कळावेत अशा विनंतीने झाला होता. डन यांचे टिपण अधिक स्पष्ट होते. पण ऑगस्ट १९७८ मध्ये दुसऱ्या विभागाने शंका उपस्थित करणारे टिपण पाठवले, ते नेहमीच्या कामातला एक कागद म्हणून पडून राहिले आणि केंद्रांपर्यंत सूचना गेल्याच नाहीत. २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड केंद्रात तशीच झडप अडकली, कर्मचाऱ्यांनी तसाच पाणीपुरवठा कमी केला आणि अणुभट्टीचा गाभा मोठ्या प्रमाणात वितळला. अध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने या न पोहोचलेल्या इशाऱ्याची सविस्तर दखल घेतली.

ही टिपणे लिहिणारे उच्चशिक्षित अभियंते होते आणि इंग्रजी ही त्यांची रोजच्या कामाची भाषा होती. कोणत्याही भाषाचाचणीत ते उत्तीर्ण झाले असते. टिपणांतून निसटल्या त्या वेगळ्याच गोष्टी: हे कोणी वाचायचे, वाचून नेमके काय करायचे, कोणत्या तारखेपर्यंत करायचे आणि नाही केले तर काय होईल.

शुद्धतेवरच नजर का अडकते, याचेही एक उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकी भाषातज्ज्ञ जोसेफ विल्यम्स यांनी १९८१ मध्ये लेखनातल्या चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात सुमारे शंभर चुका मुद्दाम पेरल्या. लेखाच्या शेवटी त्यांनी ते उघड केले, तेव्हा बहुतेक वाचकांच्या लक्षात त्यातल्या फारच थोड्या आल्या होत्या. आपण आशयासाठी वाचतो तेव्हा चुका नजरेआड होतात आणि चुका शोधायला बसतो तेव्हा आशय नजरेआड होतो. कार्यालयातला वाचक पहिल्या प्रकारे वाचतो, परीक्षक दुसऱ्या प्रकारे. त्यामुळे परीक्षक ज्याला नापास करतो तो कागद कामाचा असू शकतो, आणि ज्याला पास करतो तो बिनकामाचा.

दुसरे गृहीतक: एक माणूस, एक आकडा

बहुपर्यायी चाचणी नको, तर निबंध लिहून घ्या आणि जाणकारांकडून गुण द्या, असे कोणी म्हणेल. हा मार्ग पूर्वी चोखाळला गेला आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेसाठी पॉल डिडरिख आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ वाचकांना दिले. त्यांत इंग्रजीचे प्राध्यापक होते, समाजशास्त्रे आणि विज्ञाने शिकवणारे होते, लेखक-संपादक, वकील आणि व्यवसायातले अधिकारीही होते. प्रत्येकाने निबंधांची नऊ श्रेणींत वाटणी करायची होती. ३०० पैकी १०१ निबंधांना पहिलीपासून नववीपर्यंत सगळ्या श्रेणी मिळाल्या. ९४ टक्के निबंधांना किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. पाचपेक्षा कमी श्रेणी मिळालेला निबंध एकही नव्हता.

या आकड्यांवरून लेखनाचे मूल्यमापन अशक्य आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. डिडरिख यांच्या विश्लेषणाचा खरा उपयोग पुढे आहे. वाचकांचे मतभेद विस्कळीत नव्हते, त्यांचे पाच गट पडत होते. काही जण मुख्यतः विचार पाहत होते, काही रचना, काही शैली, काही व्याकरण-विरामचिन्हे आणि काही शब्दयोजना. म्हणजे सगळे एकाच कागदाकडे बघत असले, तरी प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजत होता.

आपल्या कार्यालयांत हेच रोज घडते. विक्रीप्रमुख म्हणतो, अमक्याचे लेखन कच्चे आहे, तेव्हा त्याला प्रस्तावात ग्राहकाचा प्रश्नच आला नाही असे म्हणायचे असते. गुणवत्ता विभागाचा प्रमुख तेच वाक्य वापरतो, तेव्हा त्याला अहवालातली आकडेवारी निष्कर्षाशी जुळत नाही असे सुचवायचे असते. विधी विभागाच्या दृष्टीने शब्द सैल पडलेले असतात. एचआर विभाग या तिन्ही तक्रारी ‘लेखनकौशल्य’ या एका रकान्यात टाकतो आणि तिघांच्या माणसांना एकाच कार्यशाळेला पाठवतो. तिथे ईमेलची सुरुवात कशी करावी, हे शिकवले जाते. तिन्ही तक्रारींपैकी एकीचेही निराकरण होत नाही.

म्हणून कागद वाचताना पाच थर वेगळे ठेवावे लागतात: वाचक आणि हेतू, आशय आणि तर्क, रचना आणि क्रम, वाक्ये आणि शब्द, आणि शेवटी शुद्धता. एका थरातली कमाई दुसऱ्या थरातली तूट भरून काढत नाही. सुबक वाक्यांत लिहिलेला हेतुशून्य अहवाल आणि धडपडत्या वाक्यांत लिहिलेला अचूक अहवाल, या दोघांनाही सरासरीने सारखेच गुण मिळतील. एकाला शिकवायचे ते दुसऱ्याला शिकवणे मात्र दोघांचाही वेळ फुकट घालवणे आहे.

तिसरे गृहीतक: दोष लिहिणाऱ्याचा

सरकारी पत्रांतले ‘आवश्यक ती कार्यवाही करावी’ हे वाक्य कोणाच्या अंगवळणी पडलेले नाही? कोणी, काय, केव्हापर्यंत करायचे, याचा त्यात पत्ता नसतो. हे वाक्य लिहिणाऱ्या लिपिकाला स्पष्ट लिहिता येत नाही, असे मानणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. घरी मुलाच्या शाळेला पत्र लिहिताना तो नेमकेपणाने लिहितो. कार्यालयात नेमकेपणाची किंमत मोजावी लागते, हे तो शिकलेला असतो. नेमके लिहिले की जबाबदारी नेमकी होते, आणि जबाबदारी नेमकी झाली की चौकशीत नाव नेमके येते. ‘निर्णय घेण्यात आला’, ‘चूक निदर्शनास आली’ ही कर्ता लपवणारी वाक्ये खासगी कंपन्यांतही याच कारणाने फोफावतात. ती अज्ञानातून येत नाहीत, भीतीतून येतात, आणि भीतीवर व्याकरणाचा वर्ग हा उपाय नव्हे.

कारणे आणखीही असतात. एखाद्याचा मसुदा तीन वरिष्ठांच्या हातून जातो आणि प्रत्येकजण आपापले वाक्य घुसडतो. ठरलेल्या फॉरमॅटमध्येच निष्कर्ष बाराव्या पानावर येतो. अहवाल सायंकाळी मागितला जातो आणि सकाळी हवा असतो. कोणासाठी लिहायचे, हेच कोणी सांगितलेले नसते. अशा ठिकाणी लिहिणाऱ्याला कितीही शिकवले तरी कागद सुधारत नाही, कारण बिघाड कागदाच्या वाटेत आहे. थ्री माइल आयलंडच्या टिपणांतही शब्दांइतकाच दोष त्या वाटेचा होता. विभागांमधली उतरंड आणि कोणाच्या टिपणाला किती वजन द्यायचे याच्या सवयी आड आल्या.

वाट दुरुस्त करण्याचे एक उदाहरण आपल्या न्यायव्यवस्थेत आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध अजय कुमार सूद’ या प्रकरणात हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा निकाल समजण्यासारखा नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि ए. एस. बोपण्णा यांच्या खंडपीठाने नुसती नाराजी नोंदवली नाही. निकालपत्राने मुद्दा, कायदा, त्याचा प्रस्तुत प्रकरणाला लागू होणारा अन्वय आणि निष्कर्ष अशा क्रमाने जावे, परिच्छेदांना क्रमांक द्यावेत, लांब निकालपत्रांत शीर्षके असावीत, असे मार्गदर्शन केले. इतक्या वरच्या पातळीवरच्या लेखनातही उपाय सुचवला गेला तो रचनेचा, आणि तो एका न्यायाधीशाला न देता संपूर्ण व्यवस्थेला दिला गेला.

मग तपासणी कशी असावी

वरच्या तिन्ही मुद्द्यांतून तपासणीची पद्धत आपोआप आकार घेते. तिचे सहा टप्पे मला आवश्यक वाटतात.

१. कामापासून सुरुवात करा. कोणत्या कागदांमुळे काम अडते, पैसा जातो किंवा ग्राहक तुटतो, हे आधी विभागप्रमुखांना विचारा. औषध कंपनीत ते विचलनाचे अहवाल असतील, बँकेत कर्जप्रस्तावावरची टिपणी, आयटी कंपनीत बिघाडानंतरचा अहवाल, नगरपालिकेत नागरिकाला दिलेले उत्तर. असे तीन-चार प्रकार निवडा. ‘एकूण लेखन’ तपासायला निघालेला काहीच तपासत नाही.

२. खरे कागद मिळवा. परीक्षेसाठी लिहिलेला नमुना माणूस परीक्षेत कसा लिहितो ते दाखवतो. त्याऐवजी गेल्या काही महिन्यांतले प्रत्यक्ष पाठवलेले कागद घ्या. वरिष्ठांचा हात फिरण्याआधीचा मसुदा आणि नंतरची प्रत, दोन्ही घ्या. मसुदा चांगला आणि अंतिम प्रत बिघडलेली असेल, तर प्रशिक्षण कोणाला हवे हे वेगळे सांगायला नको. प्रत्येकाचे एकाहून अधिक कागद घ्या, कारण एकच कागद विषयाच्या अवघडपणामुळे किंवा त्या दिवशीच्या घाईमुळे दिशाभूल करतो. नावे आणि गोपनीय तपशील झाकून मगच ते वाचणाऱ्यांच्या हाती द्या.

३. वाचकाला विचारा. ज्याच्यासाठी कागद लिहिला होता, त्याला तीन प्रश्न करा. यातून तुम्हाला काय समजले? यानंतर तुम्ही काय कराल? काय पुन्हा विचारावे लागले? मग लेखकाला विचारा, वाचकाने काय करावे अशी अपेक्षा होती? दोन उत्तरांमधले अंतर हे लेखनाचे सर्वांत प्रामाणिक माप आहे. खुलासा मागणारे उलट-मेल, परत आलेल्या फायली, पुन्हा घ्यावी लागलेली बैठक, या खुणा कार्यालयात आधीच नोंदलेल्या असतात. त्या गोळा करायच्या तेवढ्या.

४. पाच थरांवर, दोघांनी वाचा. एक वाचणारा त्या विषयाचा जाणकार आणि दुसरा लेखनाचा जाणकार असावा. दोघांनी स्वतंत्रपणे वाचून प्रत्येक थराबद्दल शेरा आणि त्याला आधार देणारे वाक्य लिहावे. आधी काही नमुना कागदांवर एकत्र बसून चांगले-मध्यम-कच्चे कशाला म्हणायचे, हे ठरवून घ्यावे. डिडरिख यांच्या वाचकांना कोणते निकष लावायचे हे मुद्दाम सांगितलेले नव्हते. निकष ठरले, नमुने ठरले, की मतभेद कमी होतात, आणि जे उरतात ते निदान उघडपणे बोलता येतात.

५. तोच कागद लेखकाला परत द्या. मला ही सर्वांत उपयुक्त कसोटी वाटते. काही आठवड्यांनी स्वतःचाच कागद, पुरेसा वेळ देऊन आणि वाचक कोण हे स्पष्ट सांगून, सुधारायला सांगा. जो तो नीट सुधारतो, त्याला येत होते पण वेळ किंवा माहिती नव्हती. जो फक्त विरामचिन्हे हलवतो, त्याला रचनेचे दोष दिसत नाहीत. ज्याला दोष दिसतात पण दुरुस्त करता येत नाहीत, त्याला सराव हवा. तिघांचेही मूळ गुण सारखे असू शकतात, आणि तिघांच्या गरजा पूर्ण वेगळ्या आहेत.

६. लेखकाशी बोला. निष्कर्ष शेवटी का ठेवला, हा आकडा का गाळला, हे वाक्य असे मोघम का, असे विचारा. ‘साहेबांना असेच लागते’ हे उत्तर अनेकदा मिळेल. ते प्रशिक्षणाच्या अहवालात जसेच्या तसे नोंदवा, कारण तोच त्या कागदाचा रोग आहे.

निदान झाल्यावर शिकवायचे काय

अशा तपासणीनंतर लोकांचे गट आपोआप पडतात. ज्यांचा वाचक आणि हेतू हरवतो, त्यांना वाचकांसमोर बसवावे. अहवाल लिहिणाऱ्या अभियंत्याने तो अहवाल वाचून निर्णय घेणाऱ्याबरोबर अर्धा दिवस घालवला, तर कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक शिकायला मिळते. ज्यांचा तर्क कच्चा, त्यांना लेखनाच्या वर्गापेक्षा मूळ कारण शोधण्याच्या पद्धती शिकवणे योग्य. ज्यांची रचना विस्कटलेली, त्यांना चांगल्या कागदांची मांडणी उलगडून दाखवावी आणि स्वतःच्या कागदांची पुनर्रचना करायला लावावी. वाक्य आणि शुद्धतेची अडचण असलेल्यांना भाषेचे नियमित मार्गदर्शन द्यावे. आणि जिथे दोष फॉरमॅटचा, वेळापत्रकाचा किंवा वरिष्ठांचा निघेल, तिथे प्रशिक्षणाचा खर्च न करता तो दोष दूर करावा.

सुट्या व्याकरणाच्या धड्यांनी लेखन सुधारत नाही, ही गोष्ट शिक्षणाच्या संशोधनात जुनी आहे. जॉर्ज हिलॉक्स यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांच्या लेखनावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. पारंपरिक व्याकरण शिकवण्याचा लेखनाच्या दर्जावर अनुकूल परिणाम त्यात दिसला नाही. चांगल्या लेखनाचे निकष हाती घेऊन स्वतःचे आणि इतरांचे लेखन तपासणे, असे प्रत्यक्ष काम करायला लावणाऱ्या पद्धती उपयोगी ठरल्या. अभ्यास विद्यार्थ्यांवरचा असला, तरी प्रौढ कर्मचाऱ्यांना रिकाम्या जागा भरायला लावून निराळे फळ मिळेल असे मानायला काही कारण दिसत नाही.

शेवटचे मोजमापही त्याच कागदांवर हवे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडल्या: प्रतिसाद, शिकणे, वर्तनातला बदल आणि कामावरचा परिणाम. अभिप्रायाचा फॉर्म आपल्याला पहिल्याच पातळीवर सोडतो. प्रशिक्षक आवडला, जेवण चांगले होते, एवढेच त्यातून कळते. प्रशिक्षणानंतर काही महिन्यांनी त्याच प्रकारचे कागद घेऊन, त्याच वाचकांना तेच तीन प्रश्न विचारले, तर तिसरी आणि चौथी पातळी दिसू लागते.

इंग्रजीच्या आड लपलेला अन्याय

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. मराठी माध्यमातून शिकलेला, यंत्राची खडान्‌खडा माहिती असलेला पर्यवेक्षक इंग्रजी चाचणीत मागे पडतो आणि त्याच्या नावापुढे ‘लेखन कच्चे’ असा शेरा लागतो. पुढे पदोन्नतीच्या वेळी तोच शेरा ‘विचार कच्चा’ असा वाचला जातो. ही फारकत तपासण्याचा मार्ग सोपा आहे. त्याच घटनेचा अहवाल त्याला मराठीत लिहू द्या. मराठी अहवालात क्रम, कारण आणि उपाय स्पष्ट असतील, तर त्याची अडचण फक्त इंग्रजीची आहे. ती भाषेच्या वर्गाने, तयार वाक्यरचनांनी किंवा चांगल्या अनुवादाने सुटते. मराठीतही अहवाल धूसर असेल, तर इंग्रजीचे कितीही वर्ग लावले तरी तो धूसरच राहणार. हा साधा भेद न करता लोकांना वर्षानुवर्षे कमी लेखणे, हे मला केवळ अशास्त्रीय वाटत नाही, अनुचितही वाटते.

याची दुसरी बाजू कमी महत्त्वाची नाही. मराठी आपली भाषा आहे, तेव्हा ती लिहिता येणारच, असे गृहीत धरून मराठी कार्यालयीन लेखनाची तपासणी करावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले, राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, पदनाम कोश आणि शासन व्यवहार कोशांमुळे प्रशासनाला शब्द मिळाले. पण शब्द मिळाल्याने पत्र समजतेच असे नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला उत्तर मागण्याचा हक्क दिला, २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा. मुदतीत आलेले उत्तर वाचून त्या शेतकऱ्याला, पेन्शनधारक आजींना किंवा भूखंडधारकाला पुढे काय करायचे ते कळले का, हे तपासणे या हक्कांचाच भाग आहे. कळले नाही, तर मुदत पाळूनही सेवा झालेली नाही.

काही आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा आणि खर्चाचा. हजारो कर्मचाऱ्यांचे कागद कोण वाचणार? सगळ्यांचे वाचण्याची गरजच नाही. प्रत्येक विभागातून आणि कागदाच्या प्रत्येक प्रकारातून नमुना घेतला, तरी दोषांची सामायिक रूपे लवकर दिसू लागतात. ज्यांच्या कागदावर मोठे निर्णय होतात, त्यांच्यापुरते सविस्तर वाचन करावे. आणि खर्चाची तुलना चाचणीच्या शुल्काशी न करता वाया गेलेल्या कार्यशाळांशी, परत आलेल्या फायलींशी आणि चुकीच्या निर्णयांशी करावी.

दुसरा आक्षेप वस्तुनिष्ठतेचा. संगणकाने दिलेले गुण निःपक्षपाती असतात, माणसाचे शेरे नसतात, असे म्हटले जाते. गुण एकसारखे येणे वेगळे आणि योग्य गोष्टीचे येणे वेगळे. रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ चे वाचनसुलभतेचे सूत्र वाक्याची लांबी आणि शब्दांतली अक्षरावयवांची संख्या मोजते. ते इंग्रजीसाठी बेतलेले आहे, आणि लहान वाक्यांत लिहिलेले असत्य त्याला सुलभच वाटेल. अशा साधनांचा उपयोग लांब वाक्यांकडे बोट दाखवण्यापुरता करावा, निकाल देण्यासाठी नव्हे.

तिसरा आक्षेप भीतीचा. खरे कागद तपासायला घेतले तर कर्मचारी धास्तावतील. ही भीती रास्त आहे, म्हणून एक नियम निरपवाद असावा: या तपासणीचा वार्षिक मूल्यांकनाशी आणि वेतनवाढीशी काहीही संबंध राहणार नाही, हे लेखी द्यावे आणि पाळावे. सुरुवात वरिष्ठांच्या कागदांपासून करावी. मोठ्या साहेबांचे परिपत्रकही त्याच पाच थरांवर वाचले जाते, हे दिसले की खालचे लोक मोकळे होतात.

चौथा आक्षेप सर्वांत ताजा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता मसुदे लिहून देते, मग लेखनकौशल्य तपासायचे कशाला? या आक्षेपातून मला माझ्याच मुद्द्याची पुष्टी मिळते. चॅटजीपीटीसारख्या साधनांनी वाक्य आणि शुद्धता हे दोन थर जवळजवळ सर्वांना स्वस्तात उपलब्ध केले आहेत. नेमके तेच थर आपल्या चाचण्या मोजतात. वाचकाला काय हवे, कोणती माहिती खरी, कोणता निष्कर्ष पुराव्यावर टिकतो आणि त्याची जबाबदारी कोण घेतो, हे वरचे थर अजून माणसाचेच आहेत. ‘ऑपरेटरला समज देण्यात आली’ या वाक्याचा आता सुरेख, तीन परिच्छेदांचा अहवाल होऊ शकतो, आणि त्यात मूळ कारण पूर्वीइतकेच गैरहजर असेल. पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितकी खालची पोकळी दिसायला कठीण. म्हणून यापुढे कागदाची तपासणी अधिक काळजीपूर्वक करावी लागेल आणि लेखकाला त्यातल्या प्रत्येक विधानाचा आधार विचारावा लागेल.

पाचवा आक्षेप व्याकरणाच्या बाजूने येईल: शुद्धतेला काहीच किंमत नाही का? आहे, आणि काही ठिकाणी फार मोठी आहे. करारातला एक स्वल्पविराम, आदेशातून गळालेला एक ‘न’, औषधाच्या मात्रेतले चुकलेले एकक यांनी अर्थ उलटतो. पण चुकीचे वजन तिच्या परिणामावरून ठरावे. अर्थ बदलणारी चूक, वाचकाचा विश्वास ढळवणारी चूक आणि फक्त परीक्षकाला दिसणारी चूक, या तिघींना सारखे गुण कापणारी चाचणी शुद्धतेचाही मान राखत नाही.

जबाबदारी कोणाची

लेखनाची तपासणी ही एचआर विभागाकडे सोपवून मोकळे होण्याची बाब नाही. कागद मागणारे, कागद दुरुस्त करणारे आणि कागदावर सही करणारे वरिष्ठ हे सगळे त्या लेखनाचे भागीदार आहेत. त्यामुळे प्रशिक्षणाच्या प्रस्तावाला मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने एक अट घालावी: ज्या कर्मचाऱ्यांसाठी हा खर्च मागितला आहे, त्यांचे प्रत्यक्ष कागद कोणी वाचले, ते वापरणाऱ्यांना काय विचारले आणि दोष कोणत्या थरात सापडला, हे प्रस्तावात असल्याशिवाय सही होणार नाही. या एका अटीने निम्म्या कार्यशाळा अनावश्यक ठरतील असे मला वाटते. उरलेल्यांत मात्र समोर बसलेल्या प्रत्येक माणसाला आपण इथे का आलो आहोत हे ठाऊक असेल, आणि शिकवणाऱ्यालाही आपण काय शिकवायचे आहे हे ठाऊक असेल.